गरवायचं धरणात, तर कयाक कुठली घ्यावी?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात धरणातल्या मरळीवर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये मासा राहिला बाजूला, कयाकबद्दलच, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या त्या अरुंद छोट्या होडीबद्दलच, विचारणा जास्त झाली. सिंधुदुर्गापासून अलिबागपर्यंतचे प्रश्न आहेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत आणि उत्तरं जमतील तेवढी सविस्तर देतोय.

प्रश्न (कुडाळहून): नमस्कार दादा. लहानपणापासून काठावरून गरवतो, म्हणजे गळाने मासे धरतो, मरळ आणि रोहू. आता कयाक घ्यायचं पक्कं केलंय. माझं वजन 85 किलो. दुकानदार साडेबारा फुटी पेडलवाली घ्या म्हणून मागे लागलाय, म्हणतो एकदाच घ्या आणि चांगली घ्या. मी बहुतेक वेळा एकटाच जातो, गाडी साधी हॅचबॅक आहे. गावची तळी आणि तिलारीसारखी धरणं, समुद्रात जायचं नाही. काय घेऊ?

उत्तर: पेडलवाली वाईट नसते, उलट मोठ्या उघड्या पाण्यात तिच्यासारखी सोय नाही, पाय मारत राहायचं आणि दोन्ही हात गळाला मोकळे. होबी कंपनीने 1997 मध्ये पायाने चालणारी ती फिनची मशीन आणली तेव्हापासून कयाकवरून मासेमारी करणाऱ्यांचं जगच बदललं म्हणा. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, एकटा जातो आणि हॅचबॅक आहे. बारा फुटाची पेडल कयाक सीट आणि मशीन धरून 45 ते 55 किलोच्या घरात जाते. ती एकट्याने टपावर चढवायची, उतरवायची आणि पाण्यापर्यंत न्यायची.

आणि पाण्यापर्यंत म्हणजे नेमकं किती हे आपल्या धरणांवर महिन्यागणिक बदलतं, ते दुकानात कुणी सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये पाणी अगदी रस्त्याच्या कडेला आलेलं असतं, गाडीतून काढली की पाण्यात. तेच एप्रिलमध्ये जा, पाणी लांब खाली गेलेलं, मध्ये जांभ्याचे दगड, जुन्या झाडांचे बुंधे, आणि शेवटच्या पट्ट्यात वरून वाळलेला आणि आतून घोट्यापर्यंत पाय जाणारा गाळ. तिथे दोन चाकांची ट्रॉली घेऊन गेलात तर बारीक चाकं रुततात, जाड फुगीर चाकांची ट्रॉली थोडी चालते, पण शेवटी उचलावीच लागते. सकाळी हौसेने उतरवाल हो, दुपारी उन्हात दमल्यावर तोच चढ परत चढायचा असतो, वर तीच टपावर ठेवायची असते. म्हणून माझं स्पष्ट मत, एकट्या माणसाने पहिली कयाक 30 किलोच्या आतलीच घ्यावी. जड कयाक घरी पडून राहते, हे मी आजूबाजूला इतक्यांचं बघितलंय की आता कुणी विचारलं की पहिलं वजनच सांगतो.

तुमच्यासाठी दहा ते साडेदहा फुटी, पॅडलवाली म्हणजे हातातल्या वल्ह्याची, सिट-ऑन-टॉप म्हणजे वर उघड्यावर बसायची. रुंदी 31 ते 33 इंच. लांब कयाक सरळ आणि वेगात जाते, आखूड पटकन वळते, आणि तुमची मरळ असते कुठे तर काठाच्या पाणगवतात, कमळाच्या पानांखाली, बुडालेल्या झुडपांत. तिथे वळणारीच कामाची. शिवाय तिथे पेडलचं मशीन अडचणच होतं, ते खाली फूट-दीड फूट तरी लोंबतं, त्यात गवत गुंडाळतं, बुंध्यावर आपटतं, आणि मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी लावलेल्या जाळ्यात अडकलं तर त्यांचं जाळं फाटतं ते वेगळंच. गवतात फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं खोटं आमिष, टाकायचा तर पॅडलचे दोन हलके फटके मारून गप्प सरकत जाणं हेच बरं.

सिट-ऑन-टॉप का, तर उलटली तरी ती भरत नाही. बसायच्या जागेत आरपार भोकं असतात, आलेलं पाणी त्यातून निघून जातं. सिट-इन म्हणजे ज्यात पाय आत घालून बसतात, ती थंड देशांत ठीक, अंग कोरडं राहतं, पण भर पाण्यात ती भरली की एकट्याला रिकामी करणं फार अवघड. आपल्याकडे थंडीचा प्रश्नच नाही.

आता वजनाची क्षमता. लेबलवर लिहिलेला आकडा म्हणजे ती बुडायच्या आतला आकडा समजा, आरामात चालवायचा नव्हे. त्याच्या 70 टक्क्यांवर थांबायचं. तुमचे 85, वर लाइफ जॅकेट, दोन रॉड, टॅकलचा डबा, पाणी, डबा, नांगर, बर्फाची पेटी मिळून 20 धरा, झाले 105. म्हणजे लेबलवर निदान 150 हवेत. दुकानात 120 वाली स्वस्तात देतील, घेऊ नका. जास्त भार झाला की कसं कळतं सांगतो, तुम्ही बसल्यावर त्याच भोकांतून पाणी वर येतं आणि बुड सतत ओलं राहतं. मग लोक भोकांना बूच मारतात आणि समजतात की काम झालं. पण बूच मारलं तरी कयाक तेवढीच खोल बसलेली असते, आणि वरून आलेलं पाणी जायला वाटच उरत नाही.

उभं राहून गरवायचं मनात असेल तर 34 इंच आणि पुढे जावं लागेल, मग वजनही वाढलं. पहिल्या वर्षी बसूनच गरवा.

घ्यायच्या आधी एक गोष्ट कराच, शक्य असेल तर तीच कयाक कुणाकडून तरी मागून, छातीभर पाण्यात, सोबत एक माणूस घेऊन, मुद्दाम उलटी करा आणि परत चढा. आधी ती सुलटी करायची, मग मधोमध बाजूला यायचं, दोन्ही हात पलीकडच्या कडेवर, पाय पाण्यात मागे वर आणून पोहल्यासारखे मारायचे आणि छाती आडवी कयाकवर ओढायची. पोट आलं की अंग फिरवून सीटवर बसायचं, मग पाय आत. गुडघा आधी वर टाकायला गेलात की ती तुमच्याच अंगावर परत उलटते, सगळे आधी तेच करतात. चढता येत नसेल तर ती कयाक कितीही मजबूत, कितीही रॉड होल्डरवाली असू दे, ती तुमची नाही.

प्रश्न (मालवणहून): मी 55 किलोची आहे, एकटीच गरवायला जाते, घर पहिल्या मजल्यावर आणि ठेवायला जागा नाही. हवा भरायची कयाक घेतली तर चालेल का? सगळे म्हणतात ती खेळणं आहे.

उत्तर: ताई, खेळणं अजिबात नाही, फक्त तिला तिचं पाणी दाखवावं लागतं. इंटेक्सची एक्सप्लोरर के-2 सारखी दोघांची कयाकसुद्धा साधारण 15-16 किलोची असते, पिशवीत मावते, स्कूटीवर नाही पण रिक्षात आरामात येते. तुमच्या वजनाला तर ती पाण्यावर छान उंच बसेल. आणि तोच तिचा दोष. उंच आणि हलकी म्हणजे वारा तिला ढकलतो. खाली मागच्या बाजूला लावायचं प्लास्टिकचं पातं मिळतं सोबत, ते न लावता जाऊ नका, नाहीतर दर फटक्याला तोंड फिरवते.

वाऱ्याचं आपल्याकडे गणित ठरलेलं आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सकाळी मतलई, जमिनीकडून समुद्राकडे, हलकी. दुपारच्या सुमाराला ती पडते, आणि मग खारा वारा सुटतो, पश्चिमेकडून, मार्च ते मे तर चांगलाच जोरात. आता आपली बहुतेक धरणं बघा, नद्या पश्चिमेला वाहतात म्हणून भिंत पश्चिमेला आणि पाणी पूर्वेला डोंगरात शिरलेलं. भिंतीजवळून निघालात तर दुपारचा वारा तुम्हाला आत, सह्याद्रीच्या कुशीत ढकलत नेतो आणि परत यायचं ते वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून जमेल तिथे पूर्वेच्या टोकाला, गावाच्या बाजूने पाण्यात उतरा, सकाळी पश्चिमेकडे जा, वारा सुटला की तोच घरी आणेल. पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला की मासा लागत असला तरी गुंडाळायचं. भल्या सकाळी निघून अकराच्या आत काठाला, असं ठरवलंत तर हवेची कयाक तुम्हाला उत्तम.

गळाने फाटायची भीती वाटते तेवढी नसते, चांगल्या कयाकचं रबर जाड असतं आणि तीन वेगळे कप्पे असतात, एक गेला तरी बाकीचे उचलून धरतात. खरी भीती शिंगाळ्याच्या काट्याची आणि खाडीतल्या कालवांची. शिंगाळा वर घेताना त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे ताठ उभे असतात, तो मांडीवर किंवा रबरावर आपटू द्यायचा नाही, पाण्यातच पकडीने धरून गळ सोडवायचा. आणि कालवं म्हणजे, खाडीच्या दगडांवर आणि जेटीच्या खांबांवर जी चिकटलेली असतात ती, एकदा घासलात की लांब चीर पडते. धरणात कालवं नसतात. म्हणून ही कयाक धामापूरसारख्या तळ्याच्या किंवा धरणाच्या गोड्या पाण्यासाठीच, खाडीत नको. (धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला, 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला, तिथे गळ टाकायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या, काठाला भगवतीचं देऊळ आहे, लोकांच्या भावना असतात.)

उन्हात फुगवून ठेवायची नाही, हवा तापून प्रसरण पावते आणि शिवण उसवते. काठावर जेवायला थांबलात तर थोडी हवा सोडा.

प्रश्न (चिपळूणहून): वाशिष्ठीत कयाक टाकायचा विचार आहे. मगरींचं काय?

उत्तर: नको. चिपळूणकराला मी वेगळं सांगायला नको की वाशिष्ठीत मगरी आहेत, हिवाळ्यात सकाळी काठावर ऊन खात पडलेल्या तुम्ही पुलावरून बघत असाल. तिकडे महाडला सावित्रीतही तेच. मगर बहुतेकदा माणसाच्या वाटेला जात नाही हे खरं, पण कयाकवर बसलेला माणूस पाण्यापासून वीतभर उंचीवर असतो, पाय बाहेर सोडलेले असतात, आणि पकडलेले मासे दोरीला बांधून बाजूला लोंबत ठेवलेले असतात, म्हणजे आपण तिला आमंत्रणच देतो. उन्हाळ्यात तर मादी अंड्यांजवळ राखणीला असते, तेव्हा ती जवळ आलेल्याला सोडत नाही. ती त्यांची नदी आहे, आणि तिथे काठावरून, पाण्यापासून लांब उभं राहूनच गरवलेलं बरं. कयाकसाठी दुसरं धरण बघा, आणि तिथेही आधी गुराख्यांना विचारा मगर दिसते का, त्यांना नक्की माहीत असतं.

प्रश्न (गुहागरहून): धरणासाठी घेतलेली कयाक खाडीत जिताड्यासाठी चालेल का? दोन दोन कोण घेणार.

उत्तर: टणक प्लास्टिकची सिट-ऑन-टॉप असेल तर चालेल. जिताडा आणि तांबोशी कांदळवनाच्या मुळांशी असतात, तिथे दहा फुटीच बरी. पण धरणात पाणी थांबलेलं असतं, खाडीत ते चालत असतं, आणि हा फरक कयाक बदलून नाही, घड्याळ बघून सांभाळायचा. भरतीबरोबर आत जायचं, ओहोटी लागली की तिच्याबरोबर परत. उधाणाच्या दिवसांत, पुनवेला-अमावास्येला, पाण्याची ओढ जास्त, मुंबईकडे उधाणाला साडेचार मीटरच्या वर चढतं, खाली वेंगुर्ल्याकडे बरंच कमी, पण ओढ सगळीकडे असते. शिकेपर्यंत भांगाचे दिवस निवडा, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. ओहोटीचं पाणी मुखाशी बाहेर धावतंय आणि समोरून खारा वारा येतोय, अशा वेळी खाडीच्या तोंडाला लाटा उभ्या राहतात, तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. जून-जुलैत तर खाडीही नको, पावसाचं लाल पाणी ओंडके घेऊन येतं.

नांगर. धरणात लोक कडेला मध्येच कुठेतरी बांधतात आणि काही होत नाही म्हणून तीच सवय खाडीत घेऊन जातात. चालत्या पाण्यात कयाक बाजूने नांगरली की पाणी तिच्या कुशीवर दाब देतं आणि तिला आडवी पाडतं. नेहमी टोकाला, नाळेला म्हणजे पुढच्या टोकाला किंवा मागे. सीटवरून टोकापर्यंत हात पोचत नाही म्हणून कडेने कप्पीवर फिरणारी दोरी लावतात, नांगर बसल्या जागी बांधायचा आणि दोरी ओढून टोकाला न्यायचा. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो. आणि सुरी हाताशी, दोरी अडकली तर कापायला.

परत आलात की गोड्या पाण्याने धुवा. प्लास्टिकला मीठ काही करत नाही, पण रिबिटी, स्क्रू, सुकाणूचे वायर आणि रॉड होल्डरचे खिळे गंजतात.

प्रश्न (अलिबागहून): लाइफ जॅकेट लागतंच का? मला चांगलं पोहता येतं. आणि पॅडल किती लांबीचं घेऊ?

उत्तर: लागतं. पोहता येणं कामाला येतं ते शुद्धीत असताना, डोकं कयाकवर किंवा बुंध्यावर आपटलं तर जॅकेटच वर ठेवतं. आणि अंगात घालायचं असतं, मागे बांधून ठेवायचं नसतं, उलटल्यावर पाण्यात ते घालून दाखवा म्हणावं. 50 न्यूटनचं, फोमचं, पाठीकडे वरच्या बाजूला जाड आणि खाली पातळ असलेलं घ्या म्हणजे कयाकच्या उंच सीटला टोचत नाही. बीचवर बनाना राइडला देतात ती नारिंगी ढगळ जॅकेटं नकोत. घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याला धरून वर खेचायला सांगा, हनुवटीच्या वर आलं तर सैल आहे. खिशात शिटी. मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, आणि पाऊच कयाकला नाही, अंगाला बांधा.

पॅडल कयाकच्या रुंदीवर आणि सीटच्या उंचीवर ठरतं. 32-33 इंचाला 240 सेंटिमीटर, उंच सीट असेल तर 250. आखूड घेतलंत तर दर फटक्याला बोटं कडेवर आपटतात आणि पाणी मांडीवर सांडतं. पैसे शिल्लक असतील तर फिश फाइंडरवर घालवू नका, हलक्या पॅडलवर घाला, दिवसभर तेच उचलायचं असतं.

प्रश्न (दापोलीहून): धरणात कयाक टाकायला परवानगी कुणाची? आणि जुनी कयाक मिळतेय, बघताना काय बघू?

उत्तर: धरणं बहुतेक जलसंपदा विभागाची आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. म्हणजे आपण ज्यांच्या माशावर गरवतो त्यांनी त्यात बीज सोडलेलं असतं, पैसे घातलेले असतात. संस्थेच्या लोकांना जाऊन भेटा, काठावर त्यांची झोपडी असतेच, किती पैसे ते विचारा, रोहू-कटला परत सोडायचा की नाही ते विचारा, जाळी कुठे लावलीत तेही सांगतील. भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ कुणी हो म्हटलं तरी जायचं नाही. पिण्याच्या पाण्याच्या धरणात बंदी असू शकते, फलक वाचा.

जुनी कयाक उन्हात नेऊन उलटी करा. पहिलं बघायचं ती बसायच्या जागेतली आरपार भोकं, आतून कडेला बोट फिरवा, भार तिथेच येतो म्हणून चिरा तिथेच पडतात, आणि ट्रॉलीचे दांडे त्यात घालून ओढलेली असेल तर हमखास. मग मागचं टोक, जांभ्यावर ओढून ओढून तिथलं प्लास्टिक झिजतं, दाबून बघा, पातळ झालं असेल तर अंगठ्याखाली लवतं. रंग बघा. उन्हात राहिलेलं पॉलिथिलीन फिकट पडतं, पांढुरकी पूड हाताला लागते आणि ते ठिसूळ झालेलं असतं, अशी फुकट दिली तरी नको. ओरखडे मात्र कितीही असू देत, त्याने काही होत नाही. तळाला खोलगट पोचा असेल तर बहुतेक वेळा उन्हात तापवून आतून दाबला की बराच निघतो.

शेवटी झाकण उघडून आत बादलीभर पाणी ओता, झाकण लावा आणि दोघांनी धरून सगळीकडून कलंडवा. बाहेर थेंब आला तिथे खडूने खूण करा. मालक म्हणेल एम-सील लावलं की झालं. पॉलिथिलीनला एम-सील, फेव्हिक्विक, अरल्डाइट काहीच धरत नाही, चार दिवसांत सुटतं, त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करणारा लागतो. असा माणूस तुमच्या जवळपास आहे का ते आधी बघा आणि मगच भाव करा. भोकाच्या कडेला चीर असेल तर वेल्डिंगही फार टिकत नाही, ती सोडून द्या.